चित्रावरचा दुसरा हात

हजेरीपटावर त्यांचं नाव पूनमसिंग आडे असं होतं, पण शाळेत आणि शाळेबाहेर सगळे त्यांना ड्रॉइंगसर म्हणत. फुलसावंगीच्या अलीकडे फाट्यावर एक खाजगी शाळा आहे. तिथं अकरा वर्षं ते चित्रकला शिकवत होते, म्हणजे शिकवू दिली तेव्हा शिकवत होते. आठवड्याला दोन तास, आणि तेही परीक्षा जवळ आली की गणिताचे सर मागून न्यायचे. उरलेल्या वेळात ड्रॉइंगसरांनी प्रमाणपत्रांवर नावं टाकायची, फळ्यावर सुविचार लिहायचा, गॅदरिंगचा पडदा रंगवायचा आणि निवडणूक आली की खोल्यांच्या दारांवर बाण काढायचे. अकरा वर्षांत त्यांच्या नेमणुकीला मान्यता मिळाली नव्हती. मुख्याध्यापक भगवानराव दर जूनला सांगायचे, "यंदा होऊन जाते सर, फाईल वर गेली आहे." पूनमसिंग मान हलवायचे आणि खडूचा डबा घेऊन वर्गावर जायचे.

ते तांड्यात जन्मलेले. आईबाप ऊसतोडीला जायचे, थोरला भाऊही गेला. घरातून अमरावतीला जाऊन डिप्लोमा करून आले ते एकटे तेच. दूरचं लहान दिसतं, जवळचं मोठं. उजेड एका अंगानं पडतो, सावली दुसऱ्या अंगाला. क्षितिजाची रेघ आधी मारायची. हे नियम ते उपाशीतापाशी राहून शिकले होते, म्हणून त्यांना ते फार मोलाचे वाटत. विद्यार्थी असताना एकदा त्यांच्या निसर्गचित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. त्यानंतर स्वतःसाठी असं त्यांनी काही रंगवलं नव्हतं.

खुशी चव्हाण त्यांना सापडली ती नववीच्या वर्गात. शाळेपासून तीन किलोमीटरवरच्या तांड्यातली ही मुलगी. बाप रामलाल आणि आई दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला निघायचे ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे. तोवर खुशी आजीजवळ राही. आजीचं नाव मानीबाई. आरशांचा फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, अंगावर असलेली, अजून हातानं कशिदा भरणारी तांड्यातली ती शेवटच्या दोनतीन बायांपैकी एक. सर एकदा तांड्यात गेले तेव्हा खुशीच्या घराची बाहेरची भिंत पाहून जागीच थबकले. गेरू, चुना आणि नीळ एवढ्यावर पोरीनं अख्खी भिंत भरली होती. माणसं, कुत्री, ट्रक, बोरीचं झाड, सगळं एकाच मापाचं, चारी बाजूंनी आडवंउभं, जसं कशिद्यात एका चौकोनाला दुसरा चौकोन चिकटून येतो तसं.

"कोणी शिकवलं तुले?" त्यांनी विचारलं.

"कोनीच नाही जी. जागा रिकामी दिसते म्हनून भरतो आमी," खुशी म्हणाली.

सरांना भिंत आवडली. आणि त्याच घडीला हातही शिवशिवला, की पोरीला दूरचं-जवळचं एकदा समजावलं पाहिजे.

खुशी दहावीत गेली त्या वर्षी सप्टेंबरात शाळेत एक पत्रक आलं. एका जुन्या कलासंस्थेनं पाच जिल्ह्यांतल्या तेरा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी विभागीय चित्रकला पुरस्कार ठेवले होते. विषय, 'माझं गाव'. चित्रं शाळेनं पाठवायची आणि सोबत शिक्षकानं लिहून द्यायचं की विद्यार्थ्यानं ते स्वतः काढलं आहे. भगवानरावांनी पत्रक वाचून सरांना बोलावलं.

"सर, एखादं बक्षीस आपल्या शाळेले आलं न, तं मी तुमची फाईल हातात घेऊन स्वतः जातो. साहेबाले दाखवाले काहीतरी पाह्यजे का नाही?"

खुशीनं चार दिवसांत चित्र केलं. तांडा ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला निघाला आहे, असं. ट्रक मधोमध आणि त्याच्या चारी बाजूंनी घरं, जणू वरून घारीनं पाहावं तशी. माणसांची डोकी वेगवेगळ्या दिशांना. एका कोपऱ्यात बकरी, ट्रकएवढी.

"बकरी एवढी मोठी काहून?" सरांनी विचारलं.

"ते घरी राह्यते जी. सारे जातात, आजी अन् बकरी राह्यते. मंग तेच मोठी दिसते."

सरांनी चित्र गुंडाळून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बायको संगीता मुलाला घेऊन पुसदला माहेरी गेली होती, घर शांत होतं. त्यांनी चित्र टेबलावर पसरलं आणि ट्रकखाली जराशी सावली टाकली. पुसट, नुसती ट्रक जमिनीला टेकण्यापुरती. सावली आली तशी घरं हवेत तरंगायला लागली. मग घरं नीट केली, मागची लहान, पुढची मोठी. मग आभाळ उघडं पडलं. त्यात संध्याकाळचा पिवळा भरला. माणसांना चेहरे दिले. एका म्हातारीच्या गालावर उजेड पाडला. बकरी कुठंच बसेना, तिच्यावरून धुळीचा लोट फिरवला. दुपारचं जेवण राहून गेलं. कितीतरी वर्षांनी हात असा चालत होता, आणि ब्रश धुताना पूनमसिंगांना कळलं की आपण आज सुखात होतो.

सोमवारी मागच्या बाजूला नाव लिहायला त्यांनी खुशीला बोलावलं. ती चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली.

"सर, हे माहं व्हय?"

"तुहंच आहे. मी फक्त थोडं नीट केलं. स्पर्धेत असं लागते."

"बकरी कुठं गेली?"

"धुळीमागं आहे," सर म्हणाले.

तिनं नाव लिहिलं. त्याखाली सरांनी सही केली, की हे चित्र विद्यार्थिनीनं स्वतः काढलं आहे.

डिसेंबरात निकाल आला. खुशी रामलाल चव्हाण, पहिली. पाच जिल्ह्यांत पहिली! फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यात भगवानराव मोठे, ड्रॉइंगसर मध्यम आणि खुशी खाली गोलात. लेझीम निघालं. मानीबाईनं तांड्यात घरोघरी साखर वाटली. रामलालनं उसाच्या फडातून फोन करून सरांचे आभार मानले, म्हणाला, "सर, पोरगी तुमच्या हाती देल्ली मी. तुमीच आता तिचे मायबाप."

पण निकालाच्या पत्रात खाली एक ओळ होती. विजेत्यांनी समारंभाच्या दिवशी सकाळी नऊला हजर राहावं, परीक्षकांसमोर दोन तास चित्र काढायचं आहे. ती ओळ सरांनी तीनदा वाचली. मग त्यांनी खुशीला रोज शाळा सुटल्यावर बसवून घेतलं. क्षितिजाची रेघ, सावली, दूरचं लहान. पोरगी प्रामाणिक. सांगितलं ते करायची, पण रेघ मारली की तिचा हात लाकडासारखा व्हायचा.

"सर, हे असं माह्या हातातून निंगतच नाही," ती एकदा म्हणाली.

"निंगते. सवय कर."

जानेवारीत ते यवतमाळला गेले. भगवानरावांची जीप, पुढे ते आणि सर, मागे खुशी आणि मानीबाई. म्हातारीनं ठेवणीतला फेटिया काढला होता. रस्ताभर त्यावरच्या आरशांचे कवडसे जीपच्या छतावर नाचत होते. सभागृहाच्या शेजारच्या खोलीत मुलांना बसवलं आणि विषय दिला, 'घरातलं माणूस'. पालक-शिक्षकांना काचेपलीकडून पाहता येत होतं.

खुशीनं आधी रेघ मारली. मग पुसली. पुन्हा मारली, पुन्हा पुसली. कागदाला भोक पडायची वेळ आली. तास गेला, कागदावर काहीच नाही. तेवढ्यात पोरीनं कागद सरळ उलटा केला आणि एका कोपऱ्यातून भराभर भरायला सुरुवात केली. रेघ नाही, सावली नाही. मानीबाई कागदभर पसरली, तिच्या फेटियाचा एकेक आरसा, आणि प्रत्येक आरशात वेगळं काहीतरी, चूल, सुई, कुत्रं, रिकामं दार. परीक्षकांमधल्या एक वयस्क मॅडम तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. वेळ संपल्यावर त्यांनी ते चित्र उचललं, बक्षिसाचं चित्र मागवलं आणि दोन्ही शेजारी ठेवली.

मंचामागच्या खोलीत बोलावणं आलं. मॅडम, संस्थेचे सचिव, भगवानराव, ड्रॉइंगसर आणि खुशी. मानीबाई सभागृहात खुर्चीवर बसून होती.

मॅडमचा आवाज शांत होता. "ही दोन चित्रं एका हातची नाहीत. हे आजचं या मुलीचं आहे, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. मग हे कोणाचं? सर, तुम्ही हात लावलात का याला?"

पूनमसिंगांनी भगवानरावांकडे पाहिलं. भगवानरावांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, फक्त खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचं वजन पूनमसिंगांना अजून आठवतं. अकरा वर्षं, फाईल, मुलाची शाळा, सगळं त्या खांद्यावर एकदम आलं.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "शाळेत तिनं माझ्यासमोर काढलं. मधात दोन दिवस घरी नेलं होतं. घरी कोणी काही केलं असेल तं मला सांगता येत नाही."

खुशीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"बेटा, घरी कोणी मदत केली का?" मॅडमनी विचारलं.

"हो जी."

"कोणी?"

"माह्या काकानं."

रामलालला भाऊ नव्हता. हे खोलीत फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक जण गप्प उभा होता.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझं हे आजचं चित्र फार चांगलं आहे ग. हेच पाठवलं असतंस तर..." सचिव म्हणाले, नियम नियम आहे. तीन वर्षं भाग घेता येणार नाही.

समारंभात सचिवांनी माइकवरून सांगितलं. पहिलं बक्षीस रद्द करण्यात येत आहे. विद्यार्थिनी खुशी रामलाल चव्हाण हिनं चित्र नातेवाइकाकडून करून घेतल्याचं कबूल केलं आहे. मानीबाईला शुद्ध मराठी धड कळत नव्हती. नातीचं नाव तेवढं तिला ऐकू आलं. ती खुर्चीतून उठली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागली. सभागृहात दुसरं कोणी वाजवत नव्हतं. चारपाच माणसं वळून पाहू लागली, एक हसलं. खुशीनं आजीचे हात धरून खाली केले आणि तिला बसवलं.

परतताना आर्णीच्या पुढं मानीबाईनं विचारलं, बक्षीस कुठं आहे? खुशीनं गोरबोलीत सांगितलं, नंतर पोस्टानं येते. भगवानरावांना ती भाषा येत नव्हती. पूनमसिंगांना येत होती. ती त्यांच्या आईची भाषा होती.

दुसऱ्या दिवशी फाट्यावरचा फ्लेक्स उतरला. प्रार्थनेनंतर भगवानराव बोलले, की एका विद्यार्थिनीच्या लबाडीपायी शाळेची मान खाली गेली. शिक्षकांच्या रांगेत ड्रॉइंगसर हात मागे बांधून उभे होते. मोबाइलवर बातमी फिरली. वर्गातली पोरं खुशीला पाहून म्हणू लागली, "काका आले का ओ?" आठवडाभर ती येत राहिली. मधल्या सुट्टीत सर दिसले की उभी राहायची, काही न बोलता. सर पुढे निघून जायचे. मग ती येईनाशी झाली.

फेब्रुवारीत मान्यतेचा कागद आला. खरोखर आला; डिसेंबरात निकाल लागला तेव्हाच भगवानराव फाईल घेऊन साहेबाकडं जाऊन आले होते. संगीतानं शिरा केला आणि वाटी पुढे ठेवली, तेव्हा पूनमसिंगांनी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं आधी मुलाला बाहेर खेळायला पाठवलं.

"आता बोलून तिचं बक्षीस थोडंच परत येते?" ती मग म्हणाली. "आपलं मात्र जाईन. लेकराकडं पाहा जरा."

त्यांना तेच ऐकायचं होतं. शिरा त्यांनी खाल्ला.

बोर्डाच्या परीक्षेला आठ दिवस होते, तेव्हा खुशीचं हॉलतिकीट शाळेत तसंच पडून होतं. शिपाई रजेवर, म्हणून भगवानरावांनी ते सरांच्या हातात दिलं. सर मोटारसायकलीनं तांड्यात गेले आणि त्या घरासमोर थांबले. भिंत कोरी होती. माती आणि शेणानं वरपासून खालपर्यंत पोतारलेली, बोटांचे फराटे दिसत होते. एक कुत्रं, एक पान, काही म्हणता काही शिल्लक नव्हतं.

मानीबाई ओट्यावर होती. त्यांनी विचारलं, खुशी कुठं? म्हातारी गोरबोलीत बोलू लागली, आधी हळू, मग भरभर. बाप आला होता. पोरीला फडावर घेऊन गेला.

"परीक्षा आहे ना, याडी," सर म्हणाले. याडी म्हणजे आई; तांड्यात वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. "असं मधात काहून नेलं?"

मानीबाईनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "मास्तर, तू शिकेल माणूस. तूच सांग, हे काका कोण व्हय?"

सरांनी खिशातलं हॉलतिकीट चाचपलं.

"साऱ्या तांड्यानं मले इचारलं. तुह्या पोराले तं भाऊ नाही. मायबाप फडावर, घरात म्हतारी अन् जवान पोरगी. मंग हे कोनता काका घरी येते, चित्रं काढून देते? बायांनी नाही नाही ते काढलं. नळावर तिच्याशी कोनी बोले ना. मी तिले हात जोडून इचारलं, कोन व्हय सांग. बोललीच नाही. एक दिवस उठली अन् भीत पोतारून टाकली. मंग रामलालच्या कानावर गेलं फडात. तो आला तं पोरीले एक शबद नाही बोलला. कपडे बांध म्हने, चाल."

पूनमसिंग ओट्यावर म्हातारीच्या शेजारी खालीच बसले. आपण त्या खोलीत चित्राचं नाकारलं, एवढंच इतके दिवस त्यांना वाटत होतं. त्या पोरीनं त्यांना वाचवायला एक माणूस उभा केला होता, आणि तो माणूस तिच्याच घरात शिरून बसला होता.

"याडी, काका कोणी नाही," ते म्हणाले. "ते मी व्हय. चित्राले हात मी लावला. शाळेचं नाव व्हावं म्हणून. मले इचारलं तवा मी खोटं बोललो."

म्हातारीला कळायला वेळ लागला. मग तिनं एवढंच विचारलं, "मंग तू तवाच काहून नाही बोलला?"

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

सर त्या दुपारीच निघाले. टोळीतल्या एकाचा नंबर मिळवला, तीन गाड्या बदलल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सांगली जिल्ह्यातल्या एका फडावर पोचले. हॉलतिकीट शर्टाच्या खिशात होतं. परीक्षेला सहा दिवस होते. अजून जमण्यासारखं होतं. खुशी डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. गळ्यात काळे मणी होते.

रामलालनं कोयता खाली ठेवला. "या सर. पानी घ्या."

सरांनी पाण्याला हात लावला नाही. टोळीतली दहा-बारा माणसं भोवती जमली होती. त्या सगळ्यांदेखत ते उभ्यानं बोलले, चित्र, सावली, यवतमाळची ती खोली, काका, सगळं. मधे कोणी तोडलं नाही. रामलाल ऐकत होता आणि उसाच्या पाचटाचा एक तुकडा बोटांनी बारीक बारीक फाडत होता.

"सर," तो शेवटी म्हणाला, "नऊ दिवस झाले लगन लागून. टोळीतलंच पोरगं आहे, उमरखेडकडलं. आनखी बोभाटा व्हायच्या आधी उरकलं मी. तुमी दहा दिवस आधी आले असते तं..." त्यानं पाचटाचा तुकडा खाली टाकला. "मी तुमाले मायबाप म्हनलं होतं न फोनवर?"

"तिचं वय नाही रामलालभाऊ. सोळाही पुरे नाही. कायद्यानं..."

"कायदा आता आठवून राह्यला तुमाले?"

टोळीतली माणसं एकेक करून कामाला लागली. खुशी मोळी टाकून खाली आली होती आणि ट्रॅक्टरच्या चाकाशी उभी होती. सरांनी खिशातून हॉलतिकीट काढून तिच्यापुढं धरलं. तिनं हात साडीला पुसला. तिला साडी नेसवली होती. कागद घेतला, आपला फोटो पाहिला.

"सर, मी तुमचं नाव घेतलं असतं तं तुमची नोकरी गेली असती न?"

"हो," सर म्हणाले.

"म्हनून नाही घेतलं. मले वाटलं, तुमी मंग घरी येऊन सांगसान आजीले तरी. रोज वाटे, आज येतीन. मधल्या सुट्टीत मी उभी राहो, तं तुमी तिकडून जात."

तिनं हॉलतिकिटाची घडी केली आणि परत त्यांच्या हातात दिली. पलीकडून कोणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

परत येऊन पूनमसिंगांनी तीन कागद लिहिले. एक कलासंस्थेला, एक शिक्षण खात्याला आणि एक वर्तमानपत्राला. चौथं काम त्यांनी फोननं केलं, बालविवाहाची तक्रार. सांगलीकडची सरकारी माणसं फडावर गेली तेव्हा टोळी दुसऱ्या गावी हलली होती. पुढे त्याचं काय झालं ते कोणी कळवलं नाही. भगवानरावांनी त्यांना खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"डोकं फिरलं काय तुमचं? मान्यता आली, आता कायले खाजवून खरूज काढता?"

"मान्यता तिच्या नावावर आली सर," पूनमसिंग म्हणाले.

जूनपर्यंत नोकरी गेली. खात्यानं खोट्या सहीबद्दल चौकशी लावली, शाळेनं त्याआधीच राजीनामा मागून घेतला. कलासंस्थेचं उत्तर आलं, की पारितोषिकं वाटून झालेली असल्यानं निर्णय बदलता येत नाही, मात्र आपल्या प्रामाणिकपणाची नोंद घेतली आहे. वर्तमानपत्रानं आतल्या पानावर सहा ओळी छापल्या. ते कात्रण घेऊन पूनमसिंग तांड्यात गेले. तांड्याचे नायक उत्तमसिंग यांनी सेवालाल महाराजांच्या देवळापुढं माणसं बोलावली. सरांनी कात्रण वाचलं, मग गोरबोलीत सांगितलं, की या पोरीच्या घरी कोणी आला नव्हता, तो माणूस मी होतो. नळावरच्या त्या बायाही होत्या. एकदोघींनी पदर तोंडाला लावला. उत्तमसिंग म्हणाले, "सांगतलं ते बरं केलं." त्यानंतर टँकरचा विषय निघाला आणि माणसं त्याच्यावर बोलू लागली. रामलाल सभेला आला नव्हता. मानीबाई आली होती, पण सर जवळ गेले तेव्हा ती दुसरीकडे पाहत राहिली. त्या श्रावणात ती वारली. नात सासरी होती. तिला यायला उशीर झाला.

संगीता वर्षभर नीट बोलली नाही. पुढे तिनं शिलाई सुरू केली आणि घर चालवलं. पूनमसिंग पुसदला दुकानांच्या पाट्या रंगवतात. हल्ली सगळं छापूनच येतं, म्हणून जास्त करून गाड्यांचे नंबर आणि शटरवरची नावं. चित्र काढत नाहीत. मुलगा एकदा शाळेच्या प्रदर्शनासाठी कागद घेऊन आला तर ते उठून बाहेर गेले.

दोन वर्षांनी त्यांना खुशी दिसली. पुसदच्या बाजारात, कांद्याच्या ढिगाजवळ. कडेवर मूल, हातात पिशवी, अंगानं निम्मी झालेली. त्यांनी ओळखायच्या आधी तिनं त्यांना ओळखलं.

"बरे हा, सर?"

"बरा हाव. तू?"

"बरी हाव जी. फडावर निंगाचं आहे पुढच्या हप्त्यात, म्हनून बाजार करून राह्यली."

सरांच्या खिशात तेव्हा एक कागद होता. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म. दोन वर्षं ते असा एखादा फॉर्म जवळ ठेवत, जुना झाला की नवीन आणत. तिच्या सासरच्या घरी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा सासूनं दारातूनच परत लावलं होतं. त्यांनी तो काढून पुढे केला.

"मी भरून देतो. तुले फक्त सही कराची आहे. परीक्षेच्या टायमाले मी स्वतः..."

खुशीनं कागद हातात घेतलाच नाही. मूल त्याच्याकडं झेपावलं, तिनं त्याची मूठ अलगद सोडवली.

"सही नको जी, सर," ती म्हणाली. रागानं नाही; कांद्याचा भाव जसा नको म्हणावा तसं. मग तिनं विचारलं, "अजून पोराईले शिकवता का?"

"नाही. सोडलं."

"बरं हाय," ती म्हणाली, पिशवी उचलली आणि कांदेवाल्याला सुटे पैसे द्यायला वळली.